जुना ट्रॅक्टर, जुने इंजिन घेताना ब्लॉकवरचे नंबर वाचा

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला आपला माणूस काय करतो? देवणी असो वा लाल कंधारी, तो आधी जबडा उघडून दात बघतो. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे हे ठरवतो. मग खूर, खांदा आणि चाल बघतो. पाठीवरची झूल किती भरजरी आहे, याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. पण हाच माणूस जुना ट्रॅक्टर घ्यायला जातो तेव्हा ताजा रंग, नवे सीट आणि चकचकीत बॉनेट पाहून इसार देऊन येतो. म्हणजे दात न बघता झुलीवर बैल घेतो.

इंजिनालाही दात असतात. ते म्हणजे ब्लॉकवर असलेले नंबर आणि खुणा. ते कुठे असतात, कसे वाचायचे आणि त्यांवरून काय समजते व काय समजत नाही, एवढेच आज आपणापुढे मांडणार आहे.

माझ्या घरचा अनुभव आधी सांगतो. साल १९८६. आमची जमीन कंधार तालुक्यात. विहिरीवर वीज आलेली नव्हती. वडिलांनी जुन्या सामानाच्या एका दुकानातून पाच अश्वशक्तीचे ऑईल इंजिन घेतले. त्यावर एका नामांकित कंपनीची पाटी होती, म्हणून दामही तसाच मोजला. पुढच्या हंगामात गहू ओंबीवर आला आणि इंजिन दाब धरीना. मिस्त्रीने खोलले, पिस्टन-लायनर बदलायचे ठरले. पाटीवरचे मॉडेल सांगून वडिलांनी नांदेडहून सामान आणले. ते बसेना. लायनरचा घेरच वेगळा होता. नीट पाहिले तेव्हा कळले की पाटी एका इंजिनाची आणि ब्लॉक दुसऱ्याच बनावटीचा. ब्लॉकच्या बगलेवर बनवणाऱ्याचे नाव उठावात ओतलेले होते, पण त्यावर रंगाचे थर आणि तेलकट माती बसली होती. घेताना कोणी खरवडून पाहिले नव्हते. योग्य सामान मिळेपर्यंत बारा दिवस गेले. तेवढ्यात गव्हाचा दाणा चिमला. पाच मिनिटे तारेचा ब्रश मारला असता तर ते पीक वाचले असते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

नंबर तीन प्रकारचे असतात

इंजिनावर जे आकडे व अक्षरे दिसतात, ती सारखी नसतात. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा भरवसा वेगळा आहे.

१) ओतीव नंबर : हा लोखंडाबरोबरच ओतलेला असतो. साच्यातच तो कोरलेला असल्यामुळे ब्लॉकवर उठून दिसतो, बोटाला लागतो. त्याच्या कडा बोथट असतात आणि आजूबाजूचा पृष्ठभाग वाळूच्या साच्यासारखा खरबरीत असतो. हा नंबर भागाच्या आकृतीचा असतो. एकाच साच्यातून हजारो ब्लॉक निघतात आणि सर्वांवर हाच नंबर असतो. म्हणून ओतीव नंबरावरून ब्लॉक कोणत्या जातीचा आहे ते कळते, नेमका कोणता आहे ते कळत नाही.

२) ठोकलेला नंबर : ब्लॉक ओतून झाल्यावर, मशीनवर घासून इंजिन जोडताना, सपाट केलेल्या जागेवर पंचाने हा नंबर ठोकतात. तो आत खोल गेलेला असतो. हाच इंजिन नंबर. तो प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो आणि ट्रॅक्टरच्या आर. सी. बुकात हाच लिहिलेला असतो.

३) पाटीवरचा नंबर : पत्र्याची किंवा पितळेची पाटी रिव्हेटने बसवलेली असते. तिच्यावर मॉडेल, अश्वशक्ती किंवा किलोवॅट, मिनिटाचे फेरे आणि इंजिन नंबर असतो. माहिती सर्वांत जास्त पाटीवर असते, पण भरवसा सर्वांत कमी. कारण दोन रिव्हेट काढले की पाटी एका इंजिनावरून दुसऱ्यावर जाते.

ओतीव नंबर म्हणजे जात, ठोकलेला नंबर म्हणजे डाग, आणि पाटी म्हणजे झूल. तिन्ही जुळतात का, हे पाहणे म्हणजेच परीक्षा.

नंबर कसा वाचावा

यासाठी महागडे साधन लागत नाही. तारेचा ब्रश, डिझेलमध्ये भिजवलेला बोळा, खडू, मऊ पेन्सिल, पातळ कागद, बॅटरी आणि हातातला छोटा आरसा पुरेसा आहे.

* आधी बोळ्याने तेलकट माती काढावी, मग ब्रश मारावा. कानस किंवा ग्राइंडर कधीही लावू नये. खरा नंबर घासला गेला तर उद्या आपल्यावरच संशय येईल.
* ओतीव नंबरावर खडू आडवा घासावा. उठलेले आकडे पांढरे होतात. ठोकलेल्या नंबरावर खडू घासून वरचा पुसून काढावा, म्हणजे खाचांत खडू राहतो.
* बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने टाकावा. सावलीमुळे झिजलेला आकडाही दिसतो.
* ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी. जसाच्या तसा ठसा उमटतो. नोंदणीच्या वेळी चेसिस नंबराचा ठसा याच पद्धतीने घेत आले आहेत. हा ठसा कागदपत्रांत जपून ठेवावा.
* ३ आणि ८, ६ आणि ८, १ आणि ७, शून्य आणि ओ, तसेच ५ आणि इंग्रजी एस यांची गल्लत होते. शंका असेल तेथे दोघांनी वेगवेगळे वाचून ताडून पाहावे.

ओतीव नंबर बहुधा ब्लॉकच्या बगलेवर, मागे फ्लायव्हीलच्या घराजवळ किंवा खालच्या कडेला असतो. ठोकलेला नंबर बहुधा इंजेक्शन पंपाच्या बाजूला किंवा हेडच्या खालच्या कडेजवळच्या सपाट जागेवर असतो. प्रत्येक कंपनीची जागा वेगळी असते. ती मालकाला दिलेल्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

आता चेसिस नंबराबद्दल. बहुतेक ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचे अंग बनते. म्हणून चेसिस नंबर गिअरबॉक्सच्या किंवा क्लचच्या घरावर अथवा पुढच्या धुऱ्याच्या आधारावर ठोकलेला सापडतो. एका ट्रॅक्टरचे इंजिन आणि दुसऱ्याचा मागचा भाग जोडणे मिस्त्रीला अवघड नसते. म्हणून दोन्ही नंबर स्वतः पाहावेत. एक जुळला म्हणून दुसरा गृहीत धरू नये.

ओतल्याची तारीख

काही ब्लॉकवर ओतीव नंबराजवळ एक लहान गोल दिसतो. मध्ये वर्षाचे दोन आकडे, भोवती १ ते १२ आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे असेल त्या महिन्यात तो ब्लॉक ओतला. काही ठिकाणी महिन्यासाठी ठिपके असतात, काही ठिकाणी सरळ आकडे. जुन्या ओतकामावर तारीख नसतेही.

तारीख सापडली तर एक साधा नियम लावावा. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जोडले जाते, मग ट्रॅक्टर तयार होतो, मग विकला जातो आणि शेवटी नोंदला जातो. हा क्रम उलटा होऊ शकत नाही. समजा, आर. सी. बुकाप्रमाणे ट्रॅक्टर मार्च २००४ मध्ये नोंदलेला आहे आणि ब्लॉकवर जून २००९ दिसते. तर तो ब्लॉक त्या ट्रॅक्टरचा मूळचा नाही, मालक काहीही सांगो. ब्लॉक नोंदणीच्या काही महिने आधीचा असेल तर ते स्वाभाविक आहे. पाच-सात वर्षे आधीचा असेल तर विचारपूस करावी.

ब्लॉक बदललेला असणे म्हणजे चोरीच असते असे नाही. पाणी गोठून किंवा दांडा तुटून ब्लॉक फुटतो, मालक दुसरा बसवतो. पण मग त्या ब्लॉकचे बिल हवे आणि इंजिन बदलल्याची नोंद आर. सी. बुकात हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यास ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते.

नंबराचे वर्ष आणि ओतल्याचे वर्ष

येथे एक चूक नेहमी होते. फोर्ड कंपनीच्या जुन्या पद्धतीत भागाच्या नंबराचे पहिले अक्षर दशक सांगते. सी म्हणजे १९६० चे दशक, डी म्हणजे १९७० चे, ई म्हणजे १९८० चे. पुढचा आकडा त्या दशकातले वर्ष. त्यापुढे एन असेल तर तो भाग ट्रॅक्टरसाठी आखलेला. म्हणजे डी-५-एन अशी सुरुवात असेल तर तो ट्रॅक्टरचा भाग १९७५ साली आखलेला. पण ही आखणी झाल्याची खूण आहे, ओतल्याची नव्हे. १९७५ ची आकृती १९८२ मध्येही ओतली जाते. तेव्हा भागाच्या नंबरावरून ट्रॅक्टरचे वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

परदेशातही हाच प्रश्न आहे. अमेरिकेत जुन्या मोठ्या ब्लॉकच्या मोटारींना शौकीन लोक फार मोठी किंमत देतात. शेवरोले कंपनीने १९६५ पासून बनवलेल्या या आठ सिलेंडरच्या इंजिनांवर सात आकडी ओतीव नंबर मागच्या बाजूला असतो. त्यातला ३९६३५१२ हा नंबर ४२७ घनइंची आणि ४५४ घनइंची अशा दोन्ही इंजिनांवर सापडतो. म्हणजे ओतीव नंबर एकच, इंजिने दोन. फरक पुढच्या सपाट जागेवर ठोकलेल्या अक्षरांवरून करावा लागतो. ओतल्याची तारीख तेथे अक्षराने देतात. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. सी-१४-९ म्हणजे १४ मार्च, आणि वर्षाचा शेवटचा आकडा ९. पण ते १९६९ की १९७९, हे त्या खुणेवरून कळत नाही, इतर गोष्टींवरून ठरवावे लागते. तेथेही किमतीच्या लोभाने जुना नंबर घासून नवा ठोकणारे आहेत. म्हणून जाणकार नेहमी सर्व खुणा एकत्र ताडून पाहतात. आपणही तेच करावे.

बॉनेटवर एक नाव, ब्लॉकवर दुसरे

ब्लॉकवर वेगळ्याच कंपनीचे नाव दिसले म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. आपल्याकडे अनेक ट्रॅक्टर परदेशी सहकार्याने सुरू झाले आणि काहींची इंजिने दुसऱ्या कारखान्यात तयार झाली.

* मॅसी फर्ग्युसन : टॅफे कंपनी १९६० साली सुरू झाली. तिच्या ट्रॅक्टरांत चेन्नईच्या सिम्पसन कंपनीची, मूळ पर्किन्स पद्धतीची इंजिने वापरली गेली. ब्लॉकवर सिम्पसन दिसणे स्वाभाविक आहे.
* स्वराज : पंजाब ट्रॅक्टर्सचा पहिला स्वराज १९७४ साली आला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या स्वराज इंजिन्स कंपनीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे तांत्रिक सहकार्य होते. तेथे किर्लोस्करशी नाते दिसेल.
* महिंद्र : बी-२७५ हा ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यातून आला.
* एच. एम. टी. : मूळ झेटर पद्धतीचा, पिंजोरच्या कारखान्यातला. हा ट्रॅक्टर व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आज त्याचे सुटे भाग मागताना ‘एच. एम. टी. चा पिस्टन द्या’ एवढे सांगून भागत नाही. मॉडेल, इंजिन नंबर आणि जुन्या भागावरचा नंबर सांगावा.
* फोर्ड : एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने १९७१ पासून आपल्या देशात तयार होऊ लागले.

याउलट, एका कंपनीच्या ट्रॅक्टरात जिचा काही संबंध नाही अशा कंपनीचा ब्लॉक असेल, तर खुलासा मागावा.

ऑईल इंजिन : पाटी खरी की खोटी?

विहिरीवरची जुनी ऑईल इंजिने आजही पिठाची गिरणी, कडबा कुट्टी आणि वीज नसलेल्या ठिकाणच्या पाण्यासाठी विकली जातात. महाराष्ट्रात या धंद्याची परंपरा मोठी आहे. साताऱ्याला कूपर, पुण्याजवळ खडकीला १९४६ पासून किर्लोस्कर ऑईल इंजिन्स. गुजरातेत राजकोटला इंग्लंडच्या लिस्टर पद्धतीची, दोन जड चाकांची, संथ चालीची इंजिने अनेक लहान कारखान्यांनी बनवली. बाहेरून ही एकमेकांसारखी दिसतात, पण सुटे भाग एकमेकांत बसतातच असे नाही.

येथे नंबराला मापाची जोड द्यावी. हेड उघडले असेल तेव्हा सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजावी. ही तीन मापे लिहून ठेवण्यासारखी आहेत :

* किर्लोस्कर ए. व्ही. १ : व्यास ८० मि.मी., चाल ११० मि.मी., ५ अश्वशक्ती, १५०० फेरे.
* किर्लोस्कर टी. व्ही. १ : व्यास ८७.५ मि.मी., चाल ११० मि.मी., ७ अश्वशक्ती, १५०० फेरे.
* लिस्टर पद्धतीचे ६ अश्वशक्तीचे : व्यास साडेचार इंच म्हणजे ११४.३ मि.मी., चाल साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मि.मी., ६५० फेरे.

पहिल्या दोघांची चाल एकच आहे, फरक व्यासाचा आहे. म्हणून नुसते बाहेरून पाहून फसायला होते.

आता एक ढोबळ हिशेब. व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, ०.७८५ ने गुणावे आणि चालीच्या सेंटिमीटरने गुणावे. सिलेंडरचे घनमाप मिळते. पहिल्या इंजिनाचे सुमारे ५५३, दुसऱ्याचे ६६१ आणि तिसऱ्याचे १४३३ घन सें.मी. येते. या घनमापाला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून दीड लाखाने भागावे. अनुक्रमे साडेपाच, साडेसहा आणि सव्वासहा येतात. म्हणजे टर्बो नसलेल्या, चार फटक्यांच्या साध्या डिझेल इंजिनाची अश्वशक्ती या हिशेबाच्या आसपास असते. पाटीवर १५०० फेऱ्यांना ८ अश्वशक्ती लिहिले आहे आणि व्यास ८० मि.मी. निघाला, तर ती पाटी दुसऱ्या इंजिनाची समजावी.

पाटीवर आय. एस. आय. चिन्ह असेल तर त्याजवळ मानकाचा क्रमांक असतो. २० किलोवॅटपर्यंतच्या स्थिर फेऱ्यांच्या डिझेल इंजिनांसाठी आय. एस. १०००१ आणि शेतीच्या इंजिनांसाठी आय. एस. १११७० ही मानके आहेत. चिन्ह आहे पण क्रमांक नाही, किंवा रिव्हेट कोरे करकरीत आणि पाटी मात्र जुनी, असे दिसले तर सावध व्हावे.

आतल्या खुणा

इंजिन खोलायची संधी मिळाली तर आणखी बरेच कळते.

पिस्टनच्या डोक्यावर एस.टी.डी. किंवा ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे ठोकलेले असते. एस.टी.डी. म्हणजे मूळ माप. ०.५० म्हणजे सिलेंडर घासून अर्धा मि.मी. मोठा केला आहे. काही ठिकाणी हेच इंचाच्या हजाराव्या भागात म्हणजे १०, २०, ३०, ४० असे असते. बेअरिंगच्या पाठीवरही असेच आकडे असतात. तेथे ०.२५ म्हणजे क्रँक एकदा घासलेला आहे. कंपनीने दिलेल्या शेवटच्या मापावर क्रँक आला असेल तर पुढच्या वेळी तो घासता येणार नाही, नवाच घ्यावा लागेल. किंमत ठरवताना हा खर्च मोजावा.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांवर एकच आकडा ठोकलेला असतो. मुख्य बेअरिंगच्या टोप्यांवरही क्रमांक असतात. रॉड एक आणि टोपी तीन असे आढळले तर बांधणाऱ्याने अदलाबदल केली आहे. ही जोडी एकत्र घासून माप दिलेली असते. अदलाबदल झाली तर बेअरिंग लवकर जाते.

इंजेक्शन पंपावर पाटी असते. १९५१ साली बंगळूरला सुरू झालेल्या मायको कंपनीचे पंप आपल्याकडे सर्वत्र आहेत. २००८ पासून कंपनीचे नाव बॉश झाले. पी-ई-एस-३-ए-९० असा क्रमांक असेल तर ३ म्हणजे तीन सिलेंडरचा, ए म्हणजे पंपाचा आकार आणि ९० म्हणजे प्लंजरचा व्यास ९ मि.मी. तीन सिलेंडरच्या ट्रॅक्टरला त्याच्या मॉडेलचा पंप आहे का, हे पुस्तिकेशी ताडून पाहावे. मोठ्या प्लंजरचा भलताच पंप बसवलेला ट्रॅक्टर पहिल्या दिवशी जोरदार ओढतो, पण काळा धूर आणि डिझेलचा खर्च वर्षभर आपल्याला सोसावा लागतो.

घासलेला नंबर कसा ओळखावा

* आजूबाजूला जुना रंग आणि नंबराच्या जागेवरच ताजा रंग.
* सपाट जागेवर मशीनच्या सरळ रेषा नसून कानशीचे वेडेवाकडे ओरखडे.
* एखादाच आकडा जास्त खोल, वेगळ्या घडणीचा किंवा ओळीबाहेर.
* नंबराखाली वेल्डिंगचा डाग किंवा खड्डा.
* आकड्याच्या मागे दुसऱ्या आकड्याची पुसट सावली.

मात्र घाईने कोणावर आळ घेऊ नये. जुन्या इंजिनांवर कारखान्यातही हाताने नंबर ठोकत, त्यामुळे ओळ थोडी वाकडी असू शकते. गंजाने खड्डे पडतात. हेड बसवायची बाजू घासताना कडेचा नंबर अर्धा जाऊ शकतो. एका खुणेवरून निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर सौदा थांबवावा.

सीमेपलीकडचा ट्रॅक्टर

आपले दोन्ही जिल्हे सीमेवर आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादपलीकडे तेलंगण, तर उदगीर, देवणी, औराद शहाजानीपलीकडे कर्नाटक. सोयरिकी तिकडे आहेत, बाजारही तिकडे आहेत, आणि स्वस्त ट्रॅक्टरही तिकडून येतात. नांदेडच्या नोंदणीचा क्रमांक एम.एच. २६, लातूरचा एम.एच. २४. बीदरचा के.ए. ३८. निजामाबादकडचा जुना ट्रॅक्टर ए.पी. २५ असा असतो. २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर टी.एस. आले आणि २०२४ पासून टी.जी. ही सर्व अक्षरे रस्त्यावर दिसतात, त्यांत गैर काही नाही. पण परराज्यातील ट्रॅक्टर घेताना तेथील नोंदणी अधिकाऱ्याचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, मूळ प्रत हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. त्या दाखल्यावरचे इंजिन व चेसिस नंबर आपण घेतलेल्या ठशाशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो. तसाच आर. सी. बुकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले असे तोंडी सांगून चालत नाही. बँकेची सही असलेला नमुना ३५ देऊन तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या व्यवहाराची माहिती १४ दिवसांत आणि परराज्यातल्या व्यवहाराची ४५ दिवसांत कळवायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झाले आहे का, हेही पाहावे. परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीतून वाहनाचा गोषवारा आता मोबाईलवरही दिसतो. गावातल्या शिकलेल्या मुलाकडून तो काढून घ्यावा.

‘नाव नंतर करू, सध्या शंभराच्या कागदावर लिहून देतो’ या बोलीवर अनेक व्यवहार होतात. पुढे पोलिसांनी ट्रॅक्टर अडवला आणि नंबर जुळला नाही, तर ट्रॅक्टर जातो आणि पैसेही बुडतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्याची तरतूद आहे. आपण अजाणतेपणी घेतला हे सांगायला घेतेवेळचा ठसा, पावती आणि दाखला हाच आपला आधार असतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात उभा राहिला तर मृग कोणासाठी थांबत नाही.

सौद्याच्या आधी एवढे करा

१) दिवसा उजेडी, इंजिन थंड असताना पाहावे.
२) इंजिन नंबर व चेसिस नंबर स्वतः वाचून पेन्सिलचा ठसा घ्यावा.
३) ओतीव नंबर, बनवणाऱ्याचे नाव व तारीख वहीत लिहावी.
४) मूळ आर. सी. बुकाशी ताडून पाहावे. झेरॉक्सवर विसंबू नये.
५) बोजा, ना हरकत दाखला, नोंदणीची मुदत, कर व विमा तपासावा.
६) ऑईल इंजिन असेल तर व्यास व चाल मोजून पाटीशी जुळवावी.
७) ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, पण विकणाऱ्याने आणलेला नव्हे.
८) पावतीवर दोन्ही नंबर पूर्ण लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन मगच रक्कम द्यावी. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी.

आपल्या घरी आज जे ट्रॅक्टर व इंजिन आहे, त्याचेही सर्व नंबर एका वहीत लिहून ठेवावेत. पिस्टन, बेअरिंग कोणत्या मापाचे बसवले व कधी, हे प्रत्येक दुरुस्तीनंतर त्यात टिपावे. जुने भाग मिस्त्रीकडून परत मागून त्यावरची खूण पाहावी. ट्रॅक्टर चोरीला गेला तर पोलिसांना देण्यासाठी, भाग आणायचा झाला तर दुकानात दाखवण्यासाठी आणि विकायचा झाला तर चांगला भाव मागण्यासाठी ही वही उपयोगी पडते.

माझ्या वडिलांनी त्या वर्षानंतर अशी वही सुरू केली. पहिल्याच पानावर त्या इंजिनाच्या ब्लॉकवरचा खरा नंबर आहे. तो वाचायला त्यांना एक गव्हाचे पीक मोजावे लागले. आपल्याला मोजावे लागू नये, एवढ्यासाठीच हे सांगितले. अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागाशी संपर्क साधावा.